फेअर ओक्स फार्म्स

फेअर ओक्स फार्म्स हा अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एक मोठा दुग्धव्यवसाय प्रकल्प असून तो पर्यटकांसाठी खुला आहे. शिकागो व इंडियानापोलिस या शहरांना जोडणाऱ्या आंतरराज्य महामार्ग ६५ लगत तो वसलेला आहे. येथे दाखवले जाणारे गोठे केवळ प्रदर्शनासाठी उभारलेले नाहीत. दररोज बाजारात दूध पाठवणाऱ्या गोठ्यांचे प्रत्यक्ष कामकाज पर्यटकांना पाहता येते. २०१९ मध्ये वासरांना झालेल्या मारहाणीची गुप्त चित्रफीत प्रसिद्ध झाल्याने हा प्रकल्प वादग्रस्त ठरला.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील लहान दुग्धशाळांची संख्या झपाट्याने घटली आणि उरलेल्या दुग्धशाळांमधील गाईंची संख्या वाढत गेली. बहुसंख्य नागरिकांचा गोठ्याशी असलेला प्रत्यक्ष संबंध त्यामुळे संपुष्टात आला. पशुवैद्यक माइक मॅक्‌क्लॉस्की व त्यांच्या पत्नी स्यू मॅक्‌क्लॉस्की हे या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी होत. दूध कसे तयार होते हे ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे, या भूमिकेतून २००४ मध्ये पर्यटकांसाठीचा विभाग सुरू झाला. २०१३ मध्ये वराहपालनाचे दालनही खुले झाले. प्रकल्पाशी संलग्न दुग्धशाळांमधील गाईंची एकूण संख्या तीस हजारांहून अधिक सांगितली जाते.

भेटीचे स्वरूप

पर्यटकांना बसमधून गोठ्यात नेले जाते. बसमधूनच गव्हाणीवर वैरण खाणाऱ्या व बसून रवंथ करणाऱ्या गाई दिसतात. मोठ्या दुग्धशाळांमध्ये पाहुण्यांना जनावरांपासून दूर ठेवण्यामागे रोगप्रतिबंधाचे कारण असते. लाळ्या-खुरकूत यांसारख्या रोगांचे विषाणू माणसांचे कपडे व पादत्राणे यांवाटेही पसरू शकतात. अमेरिकेत हा रोग १९२९ नंतर आढळलेला नाही. त्यामुळे तेथे याबाबत विशेष दक्षता घेतली जाते.

दोहनगृहात संथपणे फिरणारा ७२ गाईंचा चक्राकार मंच आहे. गाय स्वतःहून मंचावर चढते. तिचे सड स्वच्छ करून त्यांना दोहनयंत्राचे पेले लावले जातात. दुधाची धार मंदावल्यावर पेले आपोआप गळून पडतात आणि फेरी संपताच गाय मागे सरकत खाली उतरते. काढलेले दूध तत्काळ थंड केले जाते. हे सर्व काम पर्यटक वरच्या सज्जातून काचेआडून पाहतात.

प्रसूतिकक्षात गाय विताना पाहण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची आसनव्यवस्था आहे. व्याल्याशिवाय गाय दूध देत नाही, ही अनेक शहरी पर्यटकांना अपरिचित असलेली बाब येथे प्रत्यक्ष दिसते. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. व्यावसायिक दुग्धशाळांमध्ये वासराला जन्मानंतर लवकरच आईपासून वेगळे करून चीक व पुढे दूध स्वतंत्रपणे पाजले जाते. कालवडी सहसा कळपात वाढवल्या जातात. नर वासरे मात्र मुख्यतः मांसासाठी विकली जातात.

शेणाचा वापर

गोठ्यातील शेण बंदिस्त टाक्यांमध्ये हवेविना कुजवून बायोगॅस मिळवला जातो. या वायूचे शुद्धीकरण करून त्यातील मिथेन दाबाखाली साठवतात आणि दूधवाहू मालमोटारींसाठी इंधन म्हणून वापरतात. उरलेली मळी पिकांना खत म्हणून उपयोगी पडते.

२०१९ मधील प्रकरण

जून २०१९ मध्ये ॲनिमल रिकव्हरी मिशन या प्राणिहक्क संघटनेने येथे गुप्तपणे केलेले चित्रीकरण प्रसिद्ध केले. त्यात कर्मचारी वासरांना मारताना, लाथाडताना व फेकताना दिसत होते. काही किराणा साखळ्यांनी प्रकल्पाशी संबंधित ‘फेअरलाइफ’ दूध विक्रीतून काढून टाकले. माइक मॅक्‌क्लॉस्की यांनी जबाबदारी स्वीकारून दिलगिरी व्यक्त केली आणि जनावरांच्या विभागांत कॅमेरे बसवण्याची व अचानक तपासणी करण्याची घोषणा केली. तीन माजी कर्मचाऱ्यांवर प्राणिक्रौर्याचे आरोप ठेवण्यात आले.

खुलेपणाची मर्यादा

या प्रकरणाने पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या दुग्धशाळांसंबंधी एक मूलभूत प्रश्न पुढे आणला. बसफेरीतील गोठा, दोहनगृह व प्रसूतिकक्ष येथे दिसणारे काम खरेच असते. मात्र काय दाखवायचे याची निवड मालकाची असते. मारहाणीचे चित्रीकरण झालेला वासरूसंगोपनाचा विभाग या दालनांपासून वेगळा होता. दुधाची प्रक्रिया समजून घेण्यासाठी अशी भेट उपयुक्त ठरते. परंतु जनावरांना दररोज मिळणाऱ्या वागणुकीची खात्री केवळ तिच्यावरून देता येत नाही. त्यासाठी पूर्वसूचना न देता होणारी स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.