नाणीं मुलांच्या हातांत द्या

मुलाला शंभरापर्यंत अंक म्हणतां आले कीं पैसेही मोजतां येतील, असें आपण धरून चालतों. मीही तसेंच समजत होतों. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, नोकरीच्या पहिल्याच वर्षीं, दुसरीच्या एका मुलापुढें मीं दहा पैशांचीं तीन नाणीं व आठ आण्यांचें एक नाणें ठेवून विचारलें, "यांत जास्त कोणतें?" तो चटकन् म्हणाला, "हीं तीन." मीं त्याच्या तळहातावर छडी मारली. घरीं गेल्यावर उमगलें, कीं मुलाचें चुकलें नव्हतें. तीन हे एकाहून अधिकच! एक नाणें पन्नासांच्या जागीं उभें राहतें, ही नवलाची गोष्ट त्याला सांगावयाची मीच विसरलों होतों.

ती सांगून कळतही नाहीं; हातानेंच कळते. पाटीवर पांच घरें आंखावीं. मुलानें प्रत्येक घरांत एकेक रुपया ठेवावा; घरें भरलीं कीं सारे रुपये उचलून तेथें पांचांचें एकच नाणें ठेवावें, आणि पुन्हां त्याची मोड घ्यावी. हा खेळ कंटाळा येईपर्यंत चालूं द्यावा. नाण्याच्या आकारावर भिस्त ठेवूं देऊं नये. सन २०११ च्या मालिकेंतलें दोनांचें नाणें पांचांच्या नाण्याहून रुंद आहे. मोठीं माणसेंही तेथें फसतात.

मग माजघरांत दुकान मांडावें. चिंचोके, शेंगदाणे, जुनीं बटणें हा माल, गिऱ्हाईक आजी. तेरा रुपयांच्या मालाला तिनें वीस द्यावे. येथें वजाबाकी नको. जुने वाणी देत तसें वर मोजावें: "तेरा" म्हणून माल पुढें करावा, एक रुपया ठेवून "चौदा", दुसरा ठेवून "पंधरा", पांचांचें नाणें ठेवून "वीस". आजीनें मधून मधून मुद्दाम कमी पैसे द्यावे. चोरी पकडण्यांत मुलांना जो आनंद होतो तो कोणत्याही बक्षिसांत नाहीं.

हल्लीं आपण दुकानांत फोन पुढें करतों आणि देणें फिटतें. मुलाला त्यांत मोजण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. म्हणून हा डबा घरांत हवा.

परवां मीं नातीपुढें तीन रुपये एकीकडे व पांचांचें नाणें एकीकडे ठेवलें. "जास्त कोणतें?" तिचा हात तीन रुपयांकडे गेला, थबकला. मग पाटी ओढून ती पांचांच्या नाण्याचीं घरें बोटानें मोजूं लागली. मीं गप्प बसून राहिलों.