रस्त्यावर पडू शकेल असे

डांगे चौकात सिग्नलला थांबलं की मी वर बघतो. थेरगावात राहायला आल्यापासूनची ही सवय. औंध-रावेत रस्त्याच्या कडेला, जुन्या घरांच्या गच्च्यांवर, एखाद-दोन गुंठ्यांच्या तुकड्यात उभे असलेले लोखंडी सांगाडे. त्यातला एखादा रिकामा असला, तर त्यावर फक्त 'जाहिरातीसाठी संपर्क' आणि मोबाइल नंबर. जागा खासगी, सातबाऱ्यावर मालकाचं नाव. तरी सांगाडा उभा करायचा तर पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या आयुक्तांची लेखी परवानगी लागते. का लागते, हे शोधायला मी निघालो आणि एका शब्दापाशी अडकलो. ही परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या विभागाचं नाव आहे 'आकाशचिन्ह व परवाना विभाग'.

आकाशचिन्ह! हा शब्द लंडनहून आला आहे. तिथे १८९१ साली 'लंडन स्काय साइन्स ॲक्ट' झाला. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातलं आजचं कलम ३२८ आणि आपल्याकडे लागू असलेलं १९४९च्या महानगरपालिका कायद्यातलं कलम २४४ त्या इंग्रजी कायद्याशेजारी ठेवून वाचलं, की कुळ लगेच ओळखू येतं. खांबावर किंवा चौकटीवर उभारलेलं अक्षर, चित्र, आकृती रस्त्यावरच्या कुठल्याही ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसली, की ते आकाशचिन्ह. जाहिरातीचा फुगा आणि पॅराशूटसुद्धा त्यात येतात. ध्वजस्तंभ आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा मात्र, त्यांचा जाहिरातीसाठी वापर होत नसेल तर, वगळलेले.

म्हणजे, एक अपवाद सोडला (तो पुढे येईल), तर जमीन कोणाची हे या व्याख्येत कुठेच विचारलेलं नाही. रस्त्याने जाणाऱ्याला ते दिसतं का, एवढंच बघितलं आहे. १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यातही तेच: सार्वजनिक ठिकाणाहून दिसणारी खासगी भिंतही त्याच्या कक्षेत येते. खासगी जागेवरच्या होर्डिंगला परवाना मागणं घटनाबाह्य आहे, असा वाद तमिळनाडूतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००८ साली 'नोव्हा ॲड्स' खटल्यात न्यायालयाने तो फेटाळला. इथवर सरळ आहे.

अधिकाराची खरी हद्द सापडते ती १९४९च्याच कायद्यातल्या कलम २४५च्या सवलतींत. दुकानाच्या आत चालणाऱ्या धंद्याची पाटी, जागा विकण्याची किंवा भाड्याने देण्याची सूचना, खिडकीतली जाहिरात, यांना परवानगी नको. अट एवढीच: ती आकाशचिन्ह नसावी आणि दिव्यांनी उजळलेली नसावी. १९४९ साली ही दिव्यांची अट फार थोड्यांना लागू होत असेल. आज थेरगावातली सलूनची, मेडिकलची, वडापावच्या गाडीमागच्या गाळ्याची पाटीसुद्धा एलईडीची. विधिमंडळाने एक अक्षर न बदलता, दिव्यांची किंमत उतरल्यामुळे आयुक्तांचा अधिकार गल्लीबोळातल्या दारापर्यंत पोहोचला. हे मला बरोबर वाटत नाही. मुंबईत एटीएमवरच्या उजळलेल्या पाट्यांसाठी महापालिकेने परवानगी आणि शुल्क मागितलं, तेव्हा आयसीआयसीआय बँक सर्वोच्च न्यायालयात गेली. २००५ साली न्यायालयाने पाटी उजळलेली आहे का याच्या आधीचा प्रश्न विचारला: ही मुळात जाहिरात आहे का? गिऱ्हाईक ओढण्याचा व्यापारी हेतू नसेल, इथे एटीएम आहे एवढंच पाटी सांगत असेल, तर ती जाहिरात नव्हे. छोट्या दुकानदाराने हा निकाल ठाऊक करून घ्यायला हवा.

पण ज्या ओळीसाठी मी हे सगळं लिहितो आहे ती कलम २४४च्या शेपटात, रेल्वेच्या सवलतीत आहे. रेल्वेच्या हद्दीतलं चिन्ह आकाशचिन्ह ठरत नाही. पण ते केवळ रेल्वेच्याच कामकाजाविषयी असावं, आणि रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत पडू शकणार नाही असं उभारलेलं असावं. पडू शकणार नाही असं! लंडनच्या कायद्यातही हीच अट आहे. हद्द कुणाची, या प्रश्नाचं इतकं माणुसकीचं उत्तर मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात वाचलेलं नाही. सांगाडा कोसळला तर कुठवर येईल, तिथवर शहराचा अधिकार.

५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ, शाहीर अमर शेख चौकात, रेल्वेच्या जागेतलं होर्डिंग कापून काढताना सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडलं. चार माणसं गेली. जागा रेल्वेची होती, पण ज्यांच्यावर ते पडलं ते शहराच्या रस्त्यावर उभे होते. १३ मे २०२४ला घाटकोपरच्या छेडा नगरात पेट्रोल पंपावर साधारण १२० फूट लांब आणि तितकंच उंच होर्डिंग आडवं झालं आणि १७ जण गेले. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. ढिगारा उपसला जात असतानाच वाद सुरू झाला: महापालिका म्हणाली, आमची परवानगी घेतलेली नाही, मध्य रेल्वे म्हणाली, ही जागा आमची नाही, जागा होती लोहमार्ग पोलिसांकडे, आणि ते तर राज्य सरकारचंच दल. वर सांगितलेली अट मनात ठेवून तो वाद वाचला की संताप येतो.

किवळ्यात तर वादालाही जागा नव्हती. थेरगावाहून काही किलोमीटरवर, देहूरोड-कात्रज बाह्यवळणाच्या सेवारस्त्याला लागून तिथलं होर्डिंग उभं होतं. जमीन खासगी, हद्द पिंपरी-चिंचवड महापालिकेची, परवानगी नाही. मध्ये ना रेल्वे, ना पोलिसांचं खातं. विनापरवाना फलक काढायला मालकाला नोटीस द्यावी, किंवा आयुक्तांनी जागेत शिरून तो स्वतः उतरवावा, हा अधिकार कलम २४५ने तेव्हाही दिलेला होता. १७ एप्रिल २०२३च्या संध्याकाळी वादळी पाऊस आला आणि रस्त्यावरची माणसं त्या सांगाड्याखाली आडोशाला थांबली. चार बायका आणि एक पुरुष तिथेच दबून गेले.