विहिरीच्या सुरापासून स्कूबापर्यंत

बागलाणात पोहण्याची शाळा म्हणजे विहीर. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकाच्या किंवा मामाच्या हातात. डबा सुटला की मुटके, मग सूर आणि शेवटची परीक्षा तळाची. बुडी मारायची आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. या परीक्षेत दम किती टिकतो एवढंच पाहिलं जातं.

असे पट्टीचे पोहणारे दोस्त कधीतरी गाडी करून मालवण-तारकर्लीला जातात, पाठीवर सिलिंडर घेऊन समुद्रात उतरतात, मासे पाहतात, फोटो काढतात. परत येताना गाडीत एक प्रश्न हमखास निघतो. बागलाणातल्या सटाण्याच्या आसपास पाण्यानं भरलेल्या जुन्या खदानी आहेत, परदेशात तर लोक खदानींतच स्कूबा शिकतात, मग एवढ्या लांब कशाला जायचं?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर सिलिंडरनं श्वास घेत पाण्याखाली गेल्यावर शरीराचं काय होतं, हे आधी क्रमानं पाहावं लागेल.

सगळं दाबावर चालतं

समुद्रकाठी उभ्या माणसावर हवेचा जो दाब असतो त्याला एक वातावरण म्हणतात. पाण्यात दर 10 मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट, 20 मीटरवर तिप्पट. साठ फुटी विहीर काठोकाठ भरलेली असेल तर तिच्या तळाशी तो पावणेतीन पटींच्या घरात जातो.

पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. विहिरीत बुडी मारणारा छातीत सहा लिटर हवा भरून निघाला, तर 10 मीटरवर तीच हवा तीन लिटरांत मावते. वर येताना ती फुगत फुगत पुन्हा सहा लिटर होते. नेली तेवढीच हवा परत आली, त्यामुळे फुप्फुसांना धोका नाही. दम कोंडून धरणं विहिरीत चालतं ते याच कारणानं.

स्कूबात गणित उलटतं. 10 मीटरवर सिलिंडरमधून छातीभर श्वास घेतला की तिथल्या दुप्पट दाबाची सहा लिटर हवा आत येते. ती कोंडून माणूस वर आला तर पृष्ठभागावर तिला बारा लिटर जागा हवी. फुप्फुसं इतकी ताणली जात नाहीत, ती फाटतात. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती पूर्ण भरलेली असेल तर दीड मीटर वर येणंही इजा करायला पुरतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही कोंडायचा नाही, तो संथपणे आत-बाहेर चालू ठेवायचा. पट्टीच्या पोहणाऱ्याला हा नियम नवशिक्यापेक्षा जड जातो, कारण घाबरल्यावर दम धरण्याची सवय त्याच्या अंगात मुरलेली असते.

पाठीवर काय असतं

त्या नळकांड्याला सगळे ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात, पण त्यात असते आपली नेहमीचीच हवा, गाळून आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन साधारण सहा मीटरच्या खाली शरीराला विषारी ठरू लागतो. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची आतली जागा सुमारे 11 लिटर असते. 200 बार दाबानं भरली की तिच्यात सुमारे 2200 लिटर हवा मावते.

इतक्या दाबाची हवा थेट तोंडात घेता येत नाही. ते काम रेग्युलेटर दोन टप्प्यांत करतो. सिलिंडरच्या तोंडावर बसवलेला पहिला टप्पा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण नऊ-दहा बार जास्त एवढाच ठेवतो. दुसरा टप्पा म्हणजे दातांत धरायचा तोंडाजवळचा भाग. त्यात रबराचा एक पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. आपण श्वास ओढला की आतला दाब किंचित घटतो, पडदा आत झुकतो, एक छोटी तरफ दाबली जाते आणि हवा सुटते. ओढणं थांबलं की झडप बंद. पाणी पडद्याला बाहेरून दाबत असतं, म्हणून मिळणारी हवा नेहमी त्या खोलीच्या दाबाचीच असते. छातीवर पाण्याचा भार असूनही श्वास सहज घेता येतो तो यामुळे.

फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 साली ही रचना पाण्यात उतरवली. युद्धकाळात पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांनी एक झडप तयार केली होती. तिच्यातच फेरफार करून पाणबुड्यासाठी मागणीनुसार हवा सोडणारी झडप झाली.

आता हवा किती वेळ पुरते ते पाहू. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण 20 लिटर हवा वापरतो असं धरू. 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणून 40 लिटर लागतात. 20 मीटरवर 60. सिलिंडरमध्ये 50 बार शिल्लक असताना पाण्याबाहेर यायचं हा दंडक, म्हणजे हाताशी 1650 लिटरच. 10 मीटरवर ती चाळीसेक मिनिटं पुरते, 20 मीटरवर सत्तावीस. घाबरून धापा टाकणाऱ्याची याच्या निम्म्या वेळातही संपते.

तरंगणं आणि कान

पाण्यात मध्येच स्थिर राहता यावं म्हणून अंगात हवेचं जाकीट आणि कमरेला शिशाची वजनं असतात. खाली जाताना जाकिटातली हवा दाबली जाऊन माणूस जड होतो, तेव्हा थोडी हवा भरायची. वर येताना ती फुगते, तेव्हा सोडायची. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. सामानासकट 100 किलोचा माणूस समुद्रात ज्या वजनांनी नेमका तरंगतो, त्यातली दोन-अडीच किलो त्याला विहिरीत किंवा खदानीत कमी करावी लागतात. तारकर्लीचाच पट्टा बांधून खदानीत उतरला तर तो सरळ तळ गाठेल.

कानाचं दुखणं विहिरीत सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. पडद्याबाहेर दाब वाढतो, आत तेवढाच राहतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की घशातून कानात हवा जाते आणि दाब जुळतो. हे दुखायच्या आधी, दर मीटरला करायचं. दुखलंच तर थोडं वर यायचं आणि पुन्हा करायचं. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर हवा कानापर्यंत पोचतच नाही, म्हणून सर्दीत बुडी नाही.

वर येण्याची घाई नको

हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो शरीराला काही करत नाही. दाबाखाली मात्र तो रक्तात आणि मांसात जास्त विरघळतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका अधिक. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. झटक्यात आलं तर गोटीसोड्याची गोटी दाबल्यावर व्हावं तसं होतं, विरघळलेला वायू जागच्या जागी बुडबुडे धरतो. सांधे दुखतात, अंग बधिर होतं, गंभीर वेळी पाठीच्या कण्याला इजा होते. म्हणून वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरच्या आत ठेवतात आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबतात. कोणत्या खोलीवर किती मिनिटं राहायचं याची कोष्टकं असतात. हल्ली मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर तो हिशेब ठेवतो.

तारकर्लीत काय होतं

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था तारकर्लीला आहे. शेजारच्या मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, हंगाम ऑक्टोबर ते मे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला आधी प्रकृतीचा अर्ज भरावा लागतो. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांतलं काही असेल तर ते लपवू नये. मग उथळ पाण्यात तोंडानं श्वास घेण्याचा आणि मुखवट्यात शिरलेलं पाणी नाकानं फुंकून काढण्याचा सराव होतो. हाताच्या खुणाही तिथेच शिकवतात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’. ‘ठीक आहे’ हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. त्यानंतर प्रशिक्षक स्वतः सिलिंडर धरून काही मीटर खाली नेतो. अशा पहिल्या बुडीची कमाल मर्यादा 12 मीटर. जाकीट, वेग, हवा हे सगळं तोच सांभाळत असतो, म्हणून ही बुडी इतकी सोपी वाटते.

दोस्तांनी आपापलं उतरायचं असेल तर ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम करावा लागतो. त्यात पुस्तकी भाग, तलावातला सराव आणि खुल्या पाण्यातल्या चार बुड्या असतात. प्रमाणपत्र मिळालं की जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जाता येतं. एकट्यानं तेव्हाही नाही.

सटाण्याच्या मंडळींनी आणखी एक हिशेब करावा. बुडीनंतर विमानात बसण्याआधी निदान 12 तास आणि अनेक बुड्या झाल्या असतील तर 18 तास थांबायचं असतं, कारण उंचीवर हवेचा दाब घटतो आणि अंगात उरलेला नायट्रोजन बुडबुडे धरू शकतो. घाटालाही हेच लागू आहे. मालवणहून कोल्हापूरमार्गे या किंवा मुंबईवरून कसारा घाटानं या, सहाशेएक मीटरची चढण चुकत नाही. संध्याकाळची बुडी आटोपून लगेच गाडी काढण्यापेक्षा रात्री मालवणातच मुक्काम करावा.

मग गावची खदान?

परदेशातल्या खदानींचा दाखला खरा आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरशरची स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची जुनी खाण. काम थांबल्यावर झऱ्यांच्या पाण्यानं ती भरली. दगड काढताना राहिलेले टप्पे साधारण 6, 20 आणि 35 मीटरवर आहेत. नवशिका पहिल्या टप्प्यावर, सरावलेला दुसऱ्यावर, तयारीचा तिसऱ्यावर. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणारे पाणबुडेही तिथे तयार झाले. पाहायला काहीतरी असावं म्हणून ‘स्टॅनेगार्थ’ नावाची जुनी टग-बोट 2000 साली तिथे मुद्दाम बुडवली. लाटा नाहीत, ओढ नाही, घरापासून जवळ, त्यामुळे आठवड्याची सुट्टी दोस्तांबरोबर घालवायला ती जागा सोयीची ठरली.

पण ती सोय खदानीनं आपोआप दिलेली नाही. खोली मोजलेली आहे, उतरायला-चढायला वाट आहे, हवा भरण्याचं यंत्र आहे, देखरेख आहे. आपल्याकडची काळ्या दगडाची सोडून दिलेली खदान याच्या उलट असते. कडे उभे, त्यामुळे बाहेर यायला जागा नाही. सुरुंगांमुळे तळ वेडावाकडा, एका पावलावर कमरेइतकं पाणी तर पुढच्यावर ठाव लागत नाही. तळात सुटे दगड, तारा, लोखंड. शेवाळ आणि गाळ यांमुळे पाणी हिरवंगढूळ, आणि तळाला पाय लागला की स्वतःचा हातही दिसत नाही. वरचं पाणी उन्हानं तापलेलं, खाली मात्र एकदम गारठा, आणि गारठ्यात श्वास धाप लागल्यासारखा होतो. शेततळ्यांत प्लॅस्टिकच्या निसरड्या कागदावर पाय ठरत नाही म्हणून माणसं बुडतात. खदानीचा कडाही तसाच दगा देतो.

शिवाय उंचीचा मुद्दा इथेही आहेच. सटाणा समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सहा टक्के कमी. स्कूबाची साधी कोष्टकं समुद्रसपाटीसाठी केलेली असतात आणि 300 मीटरच्या वर ती सुधारून वापरावी लागतात, कारण वर आल्यावर शरीर जास्त विरळ हवेत येतं. उथळ बुडीत हा फरक किरकोळ असतो, पण तीस मीटरची बुडी हिशेबात बत्तीसच्या आसपास धरावी लागते. आणि बुडबुड्यांचा त्रास झालाच तर उपचार दाबकक्षातच होतो. नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात तसा कक्ष आहे, पण ते मुंबईत, सटाण्याहून अडीचशे किलोमीटरच्या घरात.

खदान उद्या वापरता येईल का? येईल, पण क्रम पाळून. मालकाची आणि प्रशासनाची परवानगी, दोरीनं मोजून काढलेला तळाचा नकाशा, पक्क्या पायऱ्या, पाण्यात सोडलेला खुणेचा दोर, काठावर ऑक्सिजनची पेटी, आणि गोड्या पाण्याची व उंचीची सवय असलेला प्रशिक्षक. यातलं एक जरी नसेल तर नुसतं सिलिंडर भाड्यानं आणून काही होत नाही. तोपर्यंत दोस्तांनी अभ्यासक्रम तलावात आणि समुद्रात पुरा करावा. त्यानंतरही गावात कुणी बुडालं म्हणून शोधायला बोलावणं आलं तर हौशी प्रमाणपत्रावर विसंबू नये. गाळात शोध घेणं हे वेगळं प्रशिक्षण आहे.

उतरण्याआधी जोडीदार एकमेकांचं सामान तपासतात. जाकीट फुगतं का, वजनाचा पट्टा एका हातानं सुटतो का, बकलं कुठे आहेत, झडप पूर्ण उघडी आहे का, हवा किती आहे, हे पाहायला एक मिनिट लागतं. याच वेळी एक नियम लागू होतो. कुणीही, कधीही, काहीही कारण न देता ‘आज नको’ म्हणू शकतो, आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा नाही. विहिरीच्या काठावर मागे सरणाऱ्याची दोस्त खेचतात. ज्या टोळीला ती खेच घरी ठेवून येता येते, तिनंच सिलिंडर पाठीवर घ्यावा.