इतिहास बदलायला निघालेली युद्धनौका

टेहळणी विमानाने आणलेली छायाचित्रे कप्तानासमोर ठेवली जातात. हवाई बेटांवरील पर्ल हार्बर बंदरात अमेरिकेच्या जुन्या युद्धनौका ओळीने, शांतपणे उभ्या आहेत. वास्तविक ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी ही ओळ उद्ध्वस्त केली होती. तिच्यातील एकट्या 'अरिझोना'वर १,१७७ जण मरण पावले आणि तिचा सांगाडा आजही त्या बंदराच्या तळाशी आहे. मग छायाचित्रात सारे काही जागच्या जागी कसे? उत्तर एकच संभवते. बदललेले बंदर नव्हे, तर छायाचित्रे घेणारेच आपल्या काळात राहिलेले नाहीत.

डॉन टेलर दिग्दर्शित 'द फायनल काउंटडाउन' (१९८०) या विज्ञानपटाचा हा कळीचा प्रसंग. अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका 'निमिट्झ' एका विचित्र वादळात सापडते आणि थेट ६ डिसेंबर १९४१ या दिवसात जाऊन पोचते. कप्तान येलँडच्या भूमिकेत कर्क डग्लस आहेत. निरीक्षक म्हणून जहाजावर आलेल्या लास्कीच्या भूमिकेत मार्टिन शीन. हल्ला उद्यावर आला आहे, तो कोठून येणार हे ठाऊक आहे आणि तो मोडून काढण्याचे बळही हाताशी आहे. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणाऱ्या 'एफ-१४' विमानांपुढे जपानची 'झिरो' विमाने म्हणजे खेळणीच. चित्रपटात तशी दोन विमाने पाडलीही जातात. दुसऱ्या दिवशी २,४०३ अमेरिकनांचा बळी जाणार, हे माहीत असलेल्या सेनाधिकाऱ्याने हात बांधून बसावे काय? येलँडचा निर्णय सरळ आहे: आपले कर्तव्य देशाच्या रक्षणाचे, साल कोणते, हा प्रश्न गौण.

येथेच काळप्रवासाचा प्रसिद्ध पेच उभा राहतो. भूतकाळात जाऊन कोणी आपल्या आजोबांना लग्नापूर्वीच ठार केले, तर तो स्वतः जन्मेल कसा? आणि जन्मलाच नाही, तर आजोबांना मारणार कोण? हा पेच समजून घेण्यासाठी दुसऱ्या उदाहरणाची गरज नाही. नौकेचे नावच पुरेसे आहे. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल किमेल यांना दूर करण्यात आले आणि ३१ डिसेंबर १९४१ रोजी चेस्टर निमिट्झ यांनी सूत्रे हाती घेतली. पुढील विजयांमुळे त्यांचे नाव अजरामर झाले आणि १९७५मध्ये नौदलात दाखल झालेल्या नौकेला ते देण्यात आले. आता ही नौका मागे जाऊन तो हल्लाच हाणून पाडते, असे समजा. मग किमेल यांना हटवण्याचे कारण उरत नाही, निमिट्झ यांना ती संधी मिळेलच असे नाही आणि 'निमिट्झ' नावाची नौकाही बहुधा उरत नाही. मग हल्ला हाणून पाडला कोणी?

भौतिकशास्त्राने हा प्रश्न थट्टेवारी नेलेला नाही. काळात 'पुढे' जाण्यास त्याची हरकत नाही. वेगवान घड्याळ सावकाश चालते, हे आइन्स्टाइनने १९०५मध्ये सांगितले आणि १९७१मध्ये हाफेले व कीटिंग यांनी विमानांतून अणुघड्याळे पृथ्वीभोवती फिरवून ते पडताळूनही पाहिले. 'मागे' जाण्याचा मार्ग मात्र केवळ कागदावर आहे. सबंध विश्वच फिरते असेल, तर प्रवासी स्वतःच्या भूतकाळात पोचू शकेल, असे कुर्ट गोडेल यांनी १९४९मध्ये गणिताने दाखवले. पण आपले विश्व तसे नाही. निसर्गाचे नियमच इतिहासाचे रक्षण करत असावेत, असा तर्क स्टीफन हॉकिंग यांनी १९९२मध्ये मांडला. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव यांचे म्हणणे आणखी वेगळे. भूतकाळात गेलात तरी घडलेल्या गोष्टींशी विसंगत असे काही तुमच्या हातून घडणार नाही. तुमचे तेथे जाणे हाही त्या इतिहासाचाच भाग असेल.

चित्रपट याच वाटेने जातो. विमाने आकाशात झेपावली असतानाच वादळ परत येते, त्यांना माघारी बोलवावे लागते आणि नौका १९८०मध्ये परतते. पर्ल हार्बर व्हायचे ते होतेच. मात्र नौकेवरील ओवेन्स हा अधिकारी मागे राहून जातो. चाळीस वर्षांनी तोच वृद्ध उद्योगपती म्हणून गोदीवर लास्कीला भेटतो; लास्कीला नौकेवर पाठवणाराही तोच! वर्तुळ पूर्ण होते, इतिहासाला ओरखडाही उमटत नाही. मराठी वाचकाला येथे जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'ची आठवण व्हावी. तेथे पानिपतची लढाई मराठे जिंकतात. पण आपल्या नव्हे, समांतर अशा दुसऱ्या विश्वात. म्हणजे आपला इतिहास दोन्हीकडे शाबूतच.

ऐन वेळी वादळ आणून लेखकांनी येलँडची सुटका केली, हा आक्षेप खोटा नाही. परंतु प्रत्यक्षाने त्याला विलक्षण पुरवणी जोडली. चित्रीकरण खऱ्याखुऱ्या 'निमिट्झ'वर झाले. चित्रपट ऑगस्ट १९८०मध्ये झळकण्यापूर्वी, २४ एप्रिल रोजी, अरबी समुद्रातील याच नौकेवरून आठ हेलिकॉप्टरे तेहरानमधील ५३ अमेरिकन ओलिसांच्या सुटकेसाठी निघाली. वाटेत धुळीचे वादळ लागले, तीन हेलिकॉप्टरे निकामी ठरली, मोहीम सोडून द्यावी लागली आणि परतताना झालेल्या टकरीत आठ जणांचा बळी गेला.

येलँडला उद्या काय घडणार, याची निदान खात्री होती. खऱ्या सेनापतींना तेवढीही नसते. पडद्यावरील वादळाने इतिहास वाचवला. वाळवंटातील वादळाने तो घडवला. सामर्थ्य दोन्हीकडे होते. नव्हता तो काळावरचा ताबा.