खेळाचे नियम कुणाच्या हाती?

'फायनान्शियल टाइम्स' या ब्रिटिश दैनिकाने २०१७ मध्ये 'द उबर गेम' नावाचा एक व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला. खेळणारा त्यात कॅलिफोर्नियातील उबरचालक होतो. पदरी दोन मुले, आणि घरकर्जाचा हजार डॉलरचा हप्ता आठवड्यावर आलेला. चालकांच्या मुलाखतींतून हा खेळ रचला गेला होता. गिग कामगारांविषयी मी अनेकदा लिहिले आहे. पण घरी परतावे की आणखी एक भाडे घ्यावे, हा निर्णय पडद्यावर का होईना, स्वतः घ्यावा लागला तेव्हा माझ्या लेखांतले काहीतरी निसटले होते हे उमगले. बातमी घटना सांगते. खेळ घटनेमागची व्यवस्था अनुभवायला लावतो.

मात्र व्यवस्थेचे नियम लिहिणारा तटस्थ असतोच असे नाही. उरुग्वेच्या गोन्झालो फ्रास्का यांच्या 'सप्टेंबर ट्वेल्थ' (२००३) या खेळात दहशतवाद्यांवर क्षेपणास्त्र सोडले की निरपराध मरतात आणि शोक करणाऱ्यांतून नवे दहशतवादी निपजतात. जिंकण्याची सोयच नाही. मला तो पटतो, पण ते संपादकीय आहे, वार्तांकन नव्हे. वृत्तपत्राने खेळ काढायचा तर त्यातील प्रत्येक आकड्याला बातमीइतकाच आधार हवा.

भारतात अडचण इथेच येते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते. २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. त्यांच्या हातातले अ‍ॅप हाच मुळी एक खेळ आहे: लक्ष्य, बक्षीस, तारांकित मानांकन. नियम मात्र कंपनीच्या कुलपात. स्वयंचलित प्रणाली कामगाराबाबत निर्णय कोणत्या निकषांवर घेते, हे त्याला सांगण्याचे बंधन कर्नाटकने २०२५ च्या कायद्याने घातले, ही म्हणूनच पत्रकारांच्याही कामाची गोष्ट आहे.

दिल्लीत एका टॅक्सीचालकाने मला सांगितले होते, "साहेब, बोनसला दोन फेऱ्या उरल्या की भाडी यायचीच थांबतात." कंपनीने ते नाकारले. माझ्याजवळ पडताळणीचे साधन नव्हते. ते वाक्य मी 'चालकांचा आरोप' म्हणून छापले. खेळात 'आरोप' असा शब्द लिहायला जागा नसते. तिथे भाडे एक तर येते, नाही तर येत नाही.