सोडतीत नातवाचे नाव नाही
परवा दवाखान्यात आलेल्या आजींचा रक्तदाब १७०/१०० होता. शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांच्या सोडतीत नातवाचे नाव नाही, या दुःखात त्यांनी चार दिवस गोळीच घेतली नव्हती. वाचकहो, सोडतीत हुशारी मोजली जात नाही. २००९ च्या कायद्याने प्रवेशासाठी मुलाची चाचणी वा पालकांची मुलाखत घेण्यासही मनाई आहे. तेव्हा ‘नापास’ हा शब्द घरात नको, सुनेला बोल तर मुळीच नको. प्रतीक्षा यादी मात्र पाहत राहा. निवड झालेल्यांनी मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर त्या जागा तिच्यातील मुलांना मिळतात. स्वतःची गोळी चुकवू नका. आठवडाभर झोप लागली नाही, तर डॉक्टरांना सांगा. आजींसोबत आलेला नातू तेवढ्या वेळात माझ्या वजनकाट्यावर तीनदा चढून उतरला होता.