बलार्ध आणि वार्धक्य : व्यायामविषयक कांहीं संस्कृत वचनांचा विचार

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं वैद्यकाच्या फुटकळ पानांचा एक रुमाल आहे. त्यांतील एका सुट्या पानावर वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील दिनचर्याध्यायाचा थोडा भाग उतरलेला आहे. वातपित्ताचा रोगी, बालक, वृद्ध व अजीर्णी यांनीं व्यायाम वर्ज्य करावा, असा त्याच्या शेवटल्या ओळीचा अर्थ. पान तेथेंच, अर्ध्या श्लोकावर संपतें. पुढचें पान गहाळ आहे. साठी उलटतांच स्नेह्यांनीं हें वचन प्रमाण मानून नित्याचे सूर्यनमस्कार व टेकडीवरील फिरणें हीं दोन्ही सोडिलीं. दोन वर्षांत त्यांस जिना चढतांना कठड्याचा आधार लागूं लागला. तेव्हां त्यांनीं आम्हांस विचारिलें, "शास्त्राप्रमाणें वागून शरीर खचलें. मग शास्त्र चुकलें, कीं आमचें वाचन?" प्रश्न एका गृहस्थाचा खरा, पण तो ग्रंथपरीक्षणाचाही आहे, म्हणून त्याचा विचार येथें मांडीत आहों.

प्रथम 'वृद्ध' हा शब्द घेऊं. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत मध्यम वयाची मर्यादा साठ वर्षें धरिली असून त्यापुढील वयास जीर्ण म्हटलें आहे. सुश्रुताच्या सूत्रस्थानाच्या पस्तिसाव्या अध्यायांत सोळा वर्षांच्या आंतील तो बाल, सोळा ते सत्तरपर्यंतचें तें मध्य वय आणि सत्तरीपुढें वृद्ध, अशी व्यवस्था आहे. आम्ही स्वतः या दोन मर्यादांच्या मधले. म्हणजे चरकाच्या मतें जीर्ण आणि सुश्रुताच्या मतें मध्यमवयस्क! अशा वेळीं ग्रंथकाराचा शब्द त्याच्याच परिभाषेनें लावावा, हा व्याख्येचा साधा नियम होय. वाग्भट शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत मध्यम वय सत्तरीपर्यंतच मोजतो. तेव्हां त्याचा निषेध स्नेह्यांस मुळीं लागूच नव्हता. वचन एका ग्रंथाचें आणि त्यांतील शब्दाचा अर्थ दुसऱ्या ग्रंथाचा, असें झाल्यामुळें हा घोटाळा उत्पन्न झाला.

दुसरी गोष्ट गहाळ पानाची. त्याच श्लोकाच्या उत्तरार्धांत, जे बलवान् व स्निग्ध आहार घेणारे आहेत त्यांनीं अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा असें सांगितलें आहे; आणि लागलीच पुढें, हें प्रमाण शीतकाल व वसंत यांपुरतें असून इतर ऋतूंत त्याहून मंद असावें, असें म्हटलें आहे. त्यानंतर अतिव्यायामानें तहान, क्षय, श्वास, रक्तपित्त, कास, ज्वर इत्यादि विकार होतात असा इशारा आहे. म्हणजे ग्रंथकाराचा कटाक्ष प्रमाणावर आहे. पान हरवल्यानें विधि गेला आणि निषेध तेवढा उरला. सुश्रुताच्या चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत तर वर्ज्य मनुष्यांच्या यादींत वृद्धाचा उल्लेखच नाहीं. वय, बल, शरीर, देश, काल व आहार पाहून व्यायाम करावा एवढेंच तेथें सांगितलें आहे. आणि व्यायामशीलास वार्धक्य एकाएकीं गांठीत नाहीं, असें त्याचें फळही दिलें आहे.

आतां 'बलार्ध' म्हणजे काय? शक्ति ही कांहीं तराजूंत घालून निम्मी करितां येत नाहीं. सुश्रुतानें त्याचें लक्षण दिलें आहे तें असें : व्यायाम करीत असतां हृदयस्थानींचा वायु मुखाशीं येऊं लागला, कीं बलार्ध झालें असें जाणावें. सोप्या भाषेंत, नाकाचा श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडावें लागलें कीं थांबावें. टीकाकारांच्या परंपरेंत कांख, कपाळ, नाक व सांधे यांवर घाम येणें आणि तोंडास कोरड पडणें हीं लक्षणेंही सांगितलेलीं आढळतात. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें दिसून आलें कीं, नाकानें श्वास घेणारीं माणसें श्रम वाढतांना सरासरीनें मिनिटास सुमारें ३५ लिटर हवा लागूं लागली म्हणजे तोंडही उघडतात. आजचे व्यायामवैद्यही मध्यम श्रमाची खूण श्वासावरूनच सांगतात : बोलतां यावें, परंतु गातां येऊं नये. यावरून प्राचीनांस लिटरांचें गणित ठाऊक होतें असें म्हणणें हास्यास्पद होईल. ज्याचें नाक चोंदलेलें आहे त्यास हें लक्षण फसवील, हेंही उघड आहे. परंतु उपकरणावांचून, ज्याची त्यास कळेल अशी मर्यादा त्यांनीं निरीक्षणानें शोधिली, एवढें श्रेय निःसंकोच द्यावें.

येथें पोथीसंग्राहकांनीं लक्ष द्यावें असें एक स्थळ आहे. चरकाच्या सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत व्यायामाची व्याख्या आहे. त्याच प्रकरणांत घाम येणें, श्वास वाढणें, अंगास हलकेपणा वाटणें व हृदयादिकांस अवरोध जाणवणें अशीं लक्षणें सांगणारा एक श्लोक यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या संपादित प्रतींत कंसांत छापिला आहे. कंस म्हणजे संपादकाची शंका. श्लोक मूळचा कीं मागाहून घुसलेला, हें तर्कानें ठरणार नाहीं. जुन्या व परस्परांपासून स्वतंत्र अशा पोथ्या ताडून पाहिल्यासच ठरेल.

शास्त्रवचन नीट लाविलें म्हणजे तें सर्वस्वीं खरें ठरतें, असा मात्र आमचा पक्ष नाहीं. सत्तरीपुढें व्यायाम वर्ज्य, हा वाग्भटाचा निषेध आज टिकत नाहीं. १९९० सालीं बोस्टन येथील संशोधकांनीं नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त मनुष्यांस आठ आठवडे देखरेखीखालीं मांड्यांच्या स्नायूंचा वजनी व्यायाम दिला; त्यांचें बळ सरासरीनें १७४ टक्के वाढलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या शिफारशींत पासष्टीपुढील मनुष्यांसही आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम सांगितले असून, शिवाय तोल व बळ राखणारा व्यायाम तीन दिवस सांगितला आहे. मुलांसही दिवसास सरासरी साठ मिनिटें विहित आहेत. तेव्हां बालकाविषयींचा निषेधही सरसकट धरितां येत नाहीं. अर्थ लाविणें हें एक काम आणि तो खरा कीं खोटा हें पाहणें हें दुसरें. पहिल्यावांचून दुसरें करूं नये, आणि पहिलें झालें म्हणून दुसरें टाळूं नये.

आपल्या मंडळींचा ओढा सनदा, बखरी व कुळकटी यांकडे अधिक. वैद्यकाचीं व मल्लविद्येचीं पानें बाडाच्या तळाशीं पडतात. वास्तविक चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत मल्लविनोदाचें स्वतंत्र प्रकरण असून त्यांत मल्लांचे वर्ग व त्यांचा अभ्यास दिला आहे. गुजरातेंतील ज्येष्ठीमल्लांचें मल्लपुराण भोगीलाल सांडेसरा व रमणलाल मेहता यांच्या संपादनानें बडोद्याहून १९६४ सालीं निघालें, तेव्हां कोठें मल्लांचे व्यायामप्रकार व ऋतुपरत्वें आहार सर्व अभ्यासकांस सुलभ झाले. असलीं पानें आणखी कोणत्या घरीं असतील तीं टाकूं नयेत. सुटें पान मिळाल्यास त्याच्या मागचें व पुढचें पान शोधल्यावांचून त्यावर विश्वासूं नये.

स्नेह्यांनीं वैद्यांकडून प्रकृति तपासून घेऊन पुन्हां टेकडी धरिली आहे. तोंड उघडलें कीं ते कट्ट्यावर बसतात. गहाळ पानावरचा मजकूर आम्हीं छापील प्रतीवरून उतरून, तो नवा असल्याचें वर स्पष्ट लिहून, त्यांच्या रुमालांत ठेविला आहे.